बारा तुकडे, एक दाखला

जव्हार संस्थान विलीन झालं तेव्हा दरबार गेला, निशाण बदललं, आणि राजाच्या घोड्यांची एक पागा तेवढी होती तिथंच राहिली. घोड्यांचं काय झालं ते कोणी विचारलं नाही. आठ वर्षं त्या पागेत वटवाघळांनी सुखानं संसार केला. मग छप्पन साली सरकारला जाग आली, की देशाला कुशल कारागीर पाहिजेत. मोठाले कारखाने उभे राहायचे होते, यंत्रं घडवणारी यंत्रं इथंच घडायची होती, आणि ती घडवायला हात हवे होते. हात कुठं आहेत? डोंगरात आहेत आणि रिकामे आहेत, असं मुंबईत कोणीतरी खुर्चीत बसून ठरवलं. ज्यानं ठरवलं त्यानं जन्मात कधी भाताची आवणी केली नसणार.

पागेला चुना फासला. वर पाटी लागली, 'सरकारी कारागीर प्रशिक्षण वर्ग'. जव्हार-मोखाड्याच्या गावागावांतून बारा होतकरू तरुण निवडावेत असा हुकूम होता. निवडणारे साहेब जीप घेऊन निघाले. खोडाळ्यापर्यंत जीप नीट गेली, पुढं आंबेपाड्याच्या वाटेवर चाक रुतलं. पाड्यावरच्या गड्यांनी धावत येऊन ते ओढून काढलं. साहेबांनी मोजलं तर गडी बरोबर बारा भरले. गावोगाव हिंडायचा ताप वाचला. तिथंच झाडाखाली बसून त्यांनी बाराही नावं लिहून घेतली, प्रत्येकाच्या पुढं 'चौथी पास' असं ठोकून दिलं, आणि चहाच्या वेळेला साहेब जव्हारात परत. खरोखर वाचता येणारे त्यात दोघंच होते, देवराम आणि सावळा.

सावळा तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा होता. त्या जीपच्या चाकाला तो पुढं फार शिव्या देणार होता, पण त्या दिवशी त्याला वाटलं देवच पावला. साहेबांनी सांगितलं होतं, वर्षभर शिका, परीक्षा द्या, दाखला मिळाला की ठाण्याच्या कारखान्यात बारमाही नोकरी, राहायला जागा. बारमाही हा शब्द सावळ्याच्या डोक्यात जाऊन बसला. आंबेपाड्यावर बारमाही काही नसतं. दिवाळी झाली, भात झोडून झालं, की पाडा कुलूप न लावता ओस पडायचा. सगळी माणसं लांबच्या जंगलात ठेकेदाराच्या कोळसाभट्ट्यांवर जायची, ती होळीलाच परत यायची.

वर्ग सुरू झाला. शिकवायला आले हुदलीकर मास्तर, बेळगावकडचे. तोंडानं फटकळ, हात मात्र असा कसबी की लोखंडाला लाज वाटावी. त्यांच्या पाठोपाठ एक मोठी लाकडी पेटी आली. तिच्यात परदेशातून आणलेलं लेथ मशीन होतं. ते चालवायला वीज लागते, आणि पागेत वीज नव्हती, हे पेटी उतरवून घेतल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं. वीज येईल म्हणून वाट पाहिली. खंडेनवमीला बाकीच्या हत्यारांबरोबर त्या बंद पेटीलाही झेंडूचा हार घालून नारळ फोडला. पेटी काही उघडली नाही.

मग राहिलं हातकाम. लोखंड पकडून ठेवायचे बारा व्हाइस मागवले होते, आले चार. कानशी आल्या डझनभर, त्यांतल्या सात गुळगुळीत, नुसत्या नावाच्या. उरलेल्या पाच कानशींवर मास्तरांनी वर्ग चालवला. काम एकच, पण जिवाचं. लोखंडाच्या जाड पट्टीत चौकोनी खाच पाडायची, आणि तिच्यात बसेल असा चौकोनी ठोकळा घासायचा. ठोकळा कसाही फिरवून बसवला तरी बसला पाहिजे, आणि पट्टी उजेडासमोर धरली तर फटीतून उजेड दिसता कामा नये. "केसाएवढी फट म्हणजे नापास," मास्तर म्हणायचे. "कारखान्यात केस चालत नाही."

माणसं बारा आणि कानशी पाच. शहरातली पोरं असती तर कानशीवरून हाणामारी झाली असती. आंबेपाड्याच्या गड्यांना मात्र यात काही अडचणच दिसली नाही. त्यांनी दोन दिवसांत कामाची वाटणी करून टाकली. तुका हा त्यांच्यातला वडीलधारा, पस्तिशीचा. त्याची नजर अशी की पट्टी न लावता सूतभराचा फरक सांगायचा. म्हणून आखणी त्याची. लोखंडावर निळा रंग लावून सुईनं रेघ ओढायची ती त्यानंच. करवतीवर फागू, भोकं पाडायला देवराम. दोघं घट्ट धरायला, दोघं धार लावायला, बाकीचे कडा साफ करायला. आणि शेवटचा हात सावळ्याचा. कानस त्याच्या हातात आली की लोखंड मुकाट्यानं ऐकायचं. किती घासायचं आणि कुठं थांबायचं हे त्याच्या बोटांना कळायचं, त्याला स्वतःला ते सांगता यायचं नाही.

हे काही त्यांनी वर्गात शोधून काढलेलं नव्हतं. पाड्यावर सगळं असंच चालतं, त्याला सावड म्हणतात. आज माझ्या खाचरात सगळे, उद्या तुझ्या खाचरात सगळे. कोणाचा हात रोप उपटायला चालतो, कोणाचा लावायला, कोण बांध घालतो. एकट्यानं आपलं शेत लावत बसलेला माणूस आंबेपाड्यानं पाहिलेला नव्हता. असा कोणी दिसला असता तर त्याच्या घरी काहीतरी वाईट घडलंय असं समजून लोक धावले असते.

मास्तर पहिल्या पहिल्यांदा ओरडले. पण तयार झालेला तुकडा त्यांनी उजेडासमोर धरला आणि गप्प बसले. बेळगावच्या जुन्या कारखान्यातही इतकं नेटकं काम त्यांनी क्वचित पाहिलं होतं. शिवाय दर महिन्याला मुंबईला अहवाल धाडायचा होता. 'प्रगती अत्यंत समाधानकारक', असं ते लिहायचे. त्यात खोटं काहीच नव्हतं. कोणाची प्रगती, एवढंच लिहायचं राहून जायचं.

त्या सालची दिवाळी झाली. गडी जव्हारात, म्हणून बाया आणि म्हातारी माणसंच भट्टीवर गेली. सावळ्याची बायको तानीही गेली. लाकडं रचून वरून मातीनं लिंपलेली ती भट्टी, तिला कुठं भगदाड पडलं तर वर चढून ते चिखलानं बुजवावं लागतं. तानी चढली आणि पायाखालची माती खचली. डावा पाय घोट्याच्या वरपर्यंत आत गेला, खाली धगधगता विस्तव. तुक्याच्या बायकोनं, कमूनं, तिला ओढून काढलं. मग घोंगडीची झोळी करून बायकांनी आळीपाळीनं खांदा देत तिला दोन दिवस चालत घरी आणलं. सावळ्याला कळलं आठ दिवसांनी. तो रात्रीचा न थांबता चालत आला. तानीच्या पायाची बोटं एकमेकांना चिकटून गेली होती.

"पुढल्या दिवाळीला तू भट्टीवर नाय जायचं," सावळा म्हणाला. "मी दाखला आणतो. ठाण्याला जाऊ."

"दाखला मिळंल नक्की?" तानीनं विचारलं.

"मिळंल. मास्तर बोललेत, माझा हात चांगला हाय."

तानी हसली नाही, पण तिनं मान हलवली. त्या मान हलवण्यावर सावळा पुढचे पाच महिने जगला. झोपेतसुद्धा त्याचे हात कानस चालवायचे, असं त्याच्या शेजारी झोपणारा फागू सांगायचा.

वैशाखात परीक्षा लागली. मुंबईहून परीक्षक साहेब आले. चार दिवसांची परीक्षा, रोज त्यांनी समोर उभं राहायचं असा नियम होता. पण जव्हारची हवा मोठी गार, आणि मुंबईत तेव्हा अंगाची काहिली होत होती. साहेब विश्रामगृहात उतरले, सकाळी उशिरा उठले, संध्याकाळी दरीवरचा सूर्यास्त पाहून आले, आणि असे तीन दिवस गेले. परीक्षेवर लक्ष ठेवायचं काम त्यांनी मास्तरांवर सोपवलं.

मास्तरांनी पहिल्या दिवशी सगळ्यांना उभं करून बजावलं, "हे बघा, परीक्षेचा जॉब ज्याचा त्यानं करायचा. प्रत्येकाचा नंबर वेगळा, प्रत्येकाचा तुकडा वेगळा."

आंबेपाड्याला यात नवीन काहीच वाटलं नाही. शेतही ज्याचं त्याचंच असतं, म्हणून काय ते एकट्यानं लावायचं असतं? ज्याचं शेत त्यानं पहिली मूठ लावायची आणि मग सगळ्यांनी उतरायचं, ही रीत. त्यांनी ती इमानानं पाळली. प्रत्येकानं आपापल्या पट्टीवर आपला नंबर ठोकला, आपल्या पट्टीला पहिला हात स्वतः मारला, आणि पट्टी तुक्यापुढं ठेवली. आपण काही लबाडी करतोय असं बारांतल्या एकाच्याही मनात आलं नाही. उलट परीक्षा आहे म्हणून त्यांनी एकमेकांच्या तुकड्यांवर जीव ओतला. तुक्यानं प्रत्येक रेघ तीनदा पाहून ओढली. सावळ्यानं तर स्वतःचा तुकडा सगळ्यात शेवटी घेतला, आधी बाकीच्यांचे अकरा पुरे केले. मास्तर दारात वर्तमानपत्र उघडून बसले होते. त्यांनी पाहिलं की नाही, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

चौथ्या दिवशी परीक्षक साहेब पागेत आले. टेबलावर बारा तुकडे ओळीनं मांडले होते. साहेबांनी पहिला उचलला, मापला, उजेडासमोर धरला. "वा," ते म्हणाले. दुसऱ्यालाही वा म्हणाले. तिसऱ्याला काही म्हणाले नाहीत. पाचव्यापाशी त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी पाचव्याचा ठोकळा काढून पहिल्याच्या खाचेत घातला. बसला. नवव्याचा तिसऱ्यात घातला, तोही बसला. मग ते खुर्चीवर बसले आणि त्यांनी बाराही ठोकळे बाराही खाचांत फिरवून पाहिले. कुठंही घाला, बसत होते, आणि कुठूनही उजेड दिसत नव्हता.

गडी एकमेकांकडे बघून हसू दाबत होते. एवढा मोठा साहेब घाम गाळून आपलं काम पाहतोय, म्हणजे आता पाठ थोपटणार, असंच सगळ्यांना वाटलं. बिचारे.

"हे सगळं एका हाताचं काम आहे," साहेब म्हणाले. "कोणी केलं?"

"आमी समद्यांनी, साहेब," तुका अभिमानानं म्हणाला. आणि मग त्यानं नीट, काही न लपवता, कोणी काय केलं ते सांगितलं. सांगताना तो प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवत गेला.

साहेबांचा चेहरा लाल झाला. "ही चोरी आहे," ते ओरडले. "परीक्षेत एकमेकांचं काम करता? आणि वर तोंड करून सांगता? सरकारनं तुमच्यावर वर्षभर खर्च केला तो यासाठी? सगळे नापास!"

चोरी हा शब्द आंबेपाड्याला समजायला वेळ लागला. कोणाचं काय चोरलं? सगळे तुकडे तर टेबलावरच होते. फागूनं उगाच आपले खिसे चाचपले.

मास्तर पांढरेफटक पडले. त्यांनी साहेबांना बाजूला नेलं. हळू बोलले तरी पागेत सगळं ऐकू येत होतं. बारापैकी बारा नापास म्हणजे वर्ग फसला, वर्ग फसला म्हणजे वरून विचारणा होणार, आणि पहिले तीन दिवस परीक्षक कुठं होते हाही प्रश्न निघणार. हा शेवटचा मुद्दा साहेबांना पटला. एक तरी पास दाखवला पाहिजे, असं दोघांचं ठरलं. देशाला कुशल कारागीर पाहिजे होते, तूर्त एकावर भागणार होतं.

"शेवटचा हात कोणाचा?" साहेबांनी विचारलं.

 सावळा पायाच्या अंगठ्याकडे बघत उभा राहिला. मग तुक्यानंच त्याला कोपरानं ढोसलं. "जा रे पुढं," तो हळूच म्हणाला. "एकाचं तरी होऊ दे. तानीचा पाय आठव."

सावळा पुढं झाला. साहेबांनी त्याच्या हातात नवं लोखंड दिलं, आणि तासभर समोर उभं राहून घासून घेतलं. काम बघून ते नुसतं हुंकारले. इथवर सगळं ठीक होतं. इथंच थांबलं असतं तर अकराच्या अकरा जणांनी सावळ्याला खांद्यावर घेऊन खोडाळ्यापर्यंत नेलं असतं.

पण सरकारी काम कागदाशिवाय पुरं होत नाही. बाराही तुकडे परीक्षेत दाखल झालेले, त्यांचा निकाल लावायचा, तर तसा जबाब हवा. साहेबांनी कागद घेतला आणि चार ओळी लिहून सावळ्यापुढं सरकवला. "मोठ्यानं वाच आणि सही कर."

सावळ्यानं आधी मनात वाचलं. "साहेब," तो म्हणाला, "आखणी तुक्याची हाय. नि करवत..."

"आखणीला मार्क नाहीत."

"पण असं कसं लिवलंय, की यांनी कायच..."

"हे बघ," साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, "यांनी काम केलं असं लिहिलं तर तुझाही जॉब एकट्याचा ठरत नाही. मग तूही नापास. सही करायची असेल तर कर, नाहीतर मी तुझा नंबरही खोडतो."

सावळ्यानं तुक्याकडे पाहिलं. तुक्याला वाचता येत नव्हतं. कागदावर काय आहे ते त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून तो अजूनही मान हलवून होकारच देत होता. ते सावळ्याला बघवेना. त्यानं डोळे मिटले तर तानीचा पाय दिसला, चिकटलेली बोटं, त्यावर लावलेला पाला. येत्या दिवाळीला तोच पाय पुन्हा भट्टीवर चढणार होता. त्यानं डोळे उघडले आणि वाचलं.

"'सर्व बारा जॉब मी एकट्यानं केले आहेत. इतर अकरा उमेदवारांनी त्यात कोणतंही काम केलेलं नाही. त्यांना या कामाचं ज्ञान नाही.'"

शेवटची ओळही त्यानं वाचली, आणि सगळ्यांनी ती ऐकली. तुक्याची मान हलायची थांबली. सावळ्यानं सही केली. त्याचं चुकलं असं मला ठामपणे म्हणता येत नाही, आणि त्याचं बरोबर होतं असंही तोंडातून निघत नाही. ज्यांनी तो कागद लिहिला त्यांना मात्र त्या रात्री सुखाची झोप लागली, याची मला खात्री आहे.

दुसऱ्या दिवशी सावळा उठला तेव्हा पागेत अकरा चटया गुंडाळून ठेवलेल्या होत्या. सगळे त्याला न उठवता पहाटेच गेले होते. सावळ्याचा फोटो काढला, दाखला दिला, अहवालात 'उद्दिष्ट अंशतः साध्य' असं लिहिलं गेलं आणि वर्ग बंद झाला. मास्तरांची बदली झाली. लेथची पेटी ट्रकवर चढवून दुसऱ्या कुठल्याशा वर्गाला रवाना केली. ती तशीच बंद होती.

ठाण्याचा कारखाना मोठा, नवाकोरा. राहायला जागा म्हणजे एका खोलीत आठ पुरुष. पाळी बदलली की अंथरुणं बदलायची. पहिल्या दिवशी मिस्त्रीनं सावळ्याला एका लांबलचक बाकासमोर उभं केलं. बाकाच्या एका टोकाला एक माणूस नुसती आखणी करत होता. आखलेला तुकडा पुढं सरकायचा, दुसरा तो कापायचा, तिसरा भोकं पाडायचा, चौथा साफ करायचा. अशी चाळीस माणसं. सावळ्याच्या वाट्याला आली तुकड्याची एक कड. तेवढीच घासायची आणि पुढं ढकलायचा.

दोन दिवस त्यानं मान वर केली नाही. तिसऱ्या दिवशी राहवेना म्हणून त्यानं मिस्त्रीला विचारलं, "हा तुकडा म्हणजे कुणाचा धरायचा?"

"किसका मतलब?" मिस्त्री हसला. "कंपनी का. एक आदमी पूरा बनाने बैठा तो शाम तक दो नग नहीं निकलेंगे. गाववाला है क्या?" मग त्यानं ढिगातून दोन तुकडे उचलले, एकाचा ठोकळा दुसऱ्याच्या खाचेत टक्कन बसवून दाखवला, आणि शाबासकी दिल्यासारखी सावळ्याची पाठ थोपटली. "ऐसा माँगता. कोई भी नग, किसी में भी बैठना माँगता."

सावळ्यानं हातातली कानस खाली ठेवली. तो नळावर गेला, तोंडावर पाणी मारलं, आणि किती तरी वेळ नळ सोडून तसाच उभा राहिला. मिस्त्रीनं हाक मारली तेव्हा परत येऊन त्यानं कड घासायला घेतली.

आषाढात आवणीसाठी त्यानं चार दिवसांची रजा काढली. कसाऱ्याला उतरून, घाट आणि चिखल तुडवत घरी आला तेव्हा त्याच्या पाठीवर तांदळाचं गाठोडं, सुकट, गूळ, चहाची पुडी असं सगळं होतं. सावडीच्या दिवशी ज्याचं शेत त्यानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं असतं. ज्याच्या घरी आपण जेवलो तो उद्या आपल्या शेतावर राबायला येणार, हे न बोलता पक्कं होतं. यंदा सुकटीचं कालवण भरपूर करू, असं तो वाटभर ठरवत आला होता.

"आपली पाळी कदी हाय?" त्यानं आल्या आल्या तानीला विचारलं.

"परवा," तानी म्हणाली.

"येतील ना?"

"येतील. कमू बोललीय."

सावळ्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. म्हणजे राग गेला. माणसं आपली आहेत, दोन महिने रुसली, संपलं. त्या रात्री तो कितीतरी दिवसांनी नीट झोपला.

परवाच्या दिवशी उजाडता उजाडता सगळे आले. तुका, कमू, फागू, देवराम, बाकीचे गडी, त्यांच्या बाया, डोक्यावर इरली घेऊन. सावळ्यानं पहिली मूठ लावली आणि सगळे खाचरात उतरले. हात नेहमीसारखेच भराभर चालत होते. पण आवणीत गाणी म्हणतात ती कोणी म्हटली नाहीत. सावळा ओळीत ज्याच्या शेजारी जाई तो काही न बोलता दोन पावलं सरके. त्यानं फागूला ठाण्याची एक गंमत सांगायला घेतली, फागू रोपांच्या मुठी आणायला निघून गेला. तानी मात्र कमूच्या शेजारी होती, लंगडत लंगडत रोपं लावत होती, आणि तिच्यासाठी सगळी ओळ हळू चालत होती.

दुपार व्हायच्या आत शेत लागून झालं. सावळ्यानं धावत घरी जाऊन पानं मांडली. भात वाफाळत होता. बाहेर येऊन पाहतो तर सगळे ओढ्यावर पाय धुऊन आपापल्या वाटेला लागलेले.

तो चिखलातून पळत तुक्याच्या आडवा आला. "दादा, जेवून जा. समद्यांचं केलंय."

"नको रे," तुका म्हणाला. आवाजात राग नव्हता, त्यामुळं ते जास्त लागलं. "जेवलो तं आमी काम केलं असं होतंय. तू तं लिवून दिलंय, आमी कायच करत नाय. आमाला ज्ञान नाय. सरकारी कागूद हाय, त्यो खोटा कसा पाडायचा?"

"दादा, साहेबानं लिवलं ते. मी नुसतं वाचलं."

"तू वाचलंस म्हणून तं कळलं," तुका म्हणाला. "जा म्हणून मीच तुला ढकललं, ते मी नाकारत नाय. नोकरी घे बोललो व्हतो. आमाला पुसून टाक नव्हतो बोललो."

"मग आलात कशाला?"

"तानीचं रोप वाया गेलं असतं." एवढं बोलून तुका त्याला वळसा घालून गेला.

सावळा घरी आला. चुलीपुढं पंचवीस माणसांचा भात होता. तानीनं त्याच्यापुढं ताट वाढून ठेवलं आणि ती दारात जाऊन बसली.

"तू नाय जेवत?"

"मी आज त्यांच्यात व्हते," ती म्हणाली. "ते जेवले नाय, मी कशी जेवू? उद्या तुक्यादादाच्या खाचरावर जायचंय मला."

"मीबी येतो. फेड व्हईल."

"तू नको येऊस. तुझा हात त्यांना नकोय."

 मग सावळा म्हणाला, "तुझ्यासाठी केलं मी, तानी. तुझ्या पायासाठी. दिवाळीला तुला भट्टीवर जावं लागू नये म्हणून."

"ठाव हाय मला."

"मग?"

"मग काय? दिवाळीला समदे भट्टीवर जाणार. मी या ओस पाड्यावर एकटी राहून कुणाशी बोलू? भिंतीशी? का तुझ्या त्या आठ पुरुषांच्या खोलीत येऊ?" तानीनं पाय पुढं घेतला आणि चिकटलेल्या बोटांमधला चिखल काडीनं काढायला लागली. "हा पाय भाजला तवा दोन दिवस त्यांनी मला खांद्यावर आणली. तू आठ दिवसांनी आलास. मी त्यांच्यासंगं जाणार."

सावळ्यानं ताटाला हात लावला नाही. चौथ्या दिवशी त्याची रजा संपली आणि तो परत गेला. दिवाळी झाल्यावर ठेकेदाराचा माणूस आंबेपाड्यावर नावं लिहायला आला. तानीनं आपलं नाव सगळ्यांच्या आधी सांगितलं. भट्टीवर चढायला मला लावू नका, एवढं तिनं बजावलं. त्यानं हो म्हटलं, पण ते काही लिहून घेतलं नाही.